बदललेल्या सांध्याजवळ हाड मोडले, तरी आईला खाटेवर सोडू नका

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी पहाटे मोरीत घसरल्या. वय अडुसष्ट. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. पडल्यावर उभे राहता येईना, पण रक्त नाही, जखम नाही, म्हणून घरच्यांना वाटले मुका मार असेल. दोन दिवस तेल लावून झाले, विटेचा शेक झाला. ओळखीच्या हाडवैद्याने पाय ओढूनही पाहिला. तिसऱ्या दिवशी मांडी सुजून टणक झाली तेव्हा एक्स-रे काढला. गुडघ्यात बसवलेल्या धातूच्या टोपीच्या थोडे वर मांडीचे हाड मोडले होते.

पहिल्या दवाखान्यात सांगितले, "हे आमच्याकडे होत नाही." दुसरीकडे विचारले, "कोणत्या कंपनीचा सांधा आहे, कागद आणा." फाइल माळ्यावर होती, गळक्या पत्र्याखाली तिचा लगदा झालेला. जिथे गुडघा बदलला तिथे जुने रेकॉर्ड मिळाले नाही. तिसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला, "वय झालंय, पायाला वजन लावा आणि घरीच ठेवा." अखेर नवव्या दिवशी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्लेट टाकून शस्त्रक्रिया झाली. आज मावशी काठी घेऊन विहारापर्यंत चालत येतात. पण त्या नऊ दिवसांत कमरेखाली झालेली बेडसोअरची जखम भरायला हाडापेक्षा जास्त वेळ लागला.

वस्तीत आरोग्याचे काम करताना आम्ही हे जवळून पाहिले, म्हणून हा लेख. आमचे म्हणणे असे : बदललेल्या सांध्याजवळ हाड मोडणे अवघड आहे, पण ते शेवट नाही. त्यावर उपचार आहेत आणि बहुतेक वृद्ध पुन्हा उभे राहू शकतात. नुकसान करतात ते वाया गेलेले दिवस, हरवलेले कागद आणि "आता या वयात कशाला?" हा प्रश्न.

हाड तिथेच का मोडते?

गुडघा बदलतात तेव्हा मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूची टोपी बसवतात. खुबा बदलतात तेव्हा हाडाच्या पोकळीत धातूचा लांब दांडा उतरवतात आणि त्यावर गोळा बसवतात. खुब्याचे हाड मोडलेल्या अनेक वृद्धांना सरकारी रुग्णालयात फक्त गोळा आणि दांडा बसवतात, वाटी बदलत नाहीत. "बॉल बदलला" किंवा "बायपोलर टाकला" असे आपण ऐकतो ते हेच. हा दांडा हाडात कधी सिमेंटने पक्का करतात, कधी तसाच घट्ट ठोकून बसवतात आणि हाड त्याला धरून घेते.

धातू कडक, हाड त्यामानाने मऊ. कुदळीचा दांडा बहुधा लोखंडाच्या गळ्याशी मोडतो, तसेच इथे होते. धातू संपतो आणि नुसते हाड सुरू होते, त्या जागेवर ताण एकवटतो. त्यात वयाने हाड पोकळ झालेले असते. पाळी गेल्यावर बायकांची हाडे लवकर ठिसूळ होतात. ज्यांनी आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिली, घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेले खाल्ले, त्यांची हाडे म्हातारपणी भक्कम कशी राहणार? अशा हाडाला मोठा अपघात लागत नाही. उभ्या उंचीवरून पडणे पुरेसे होते.

आणखी एक कारण असते. बसवलेला सांधा काही वर्षांनी हाडात ढिला होऊ शकतो. अशा माणसाला पडण्याच्या आधीच सूचना मिळत असते. बसून उठताना, पहिली चार पावले टाकताना मांडीत कळ येते आणि मग ती थांबते. ही कळ अंगावर काढू नये. वेळेवर एक्स-रे काढला तर हाड मोडण्याआधी काही करता येते.

पडल्यावर पहिल्या तासात

सांधा बदललेली व्यक्ती पडली आणि पायावर भार देता येत नसेल, तर एक्स-रे निघेपर्यंत हाड मोडले आहे असेच समजावे. पाय आखूड दिसतो, बाहेर वळलेला दिसतो, मांडी किंवा गुडघ्याच्या वरचा भाग सुजतो. कधी यातले काहीच दिसत नाही, फक्त वेदना असते.

चोळू नये, ओढू नये, "बघू, उभी राहते का" म्हणून उभे करू नये. मोडलेल्या हाडाची टोके आतल्या रक्तवाहिन्यांना इजा करू शकतात. पाय आहे तसा ठेवावा, बाजूला उशी किंवा घडी घातलेले गोधडीचे तुकडे लावून लाकडी पट्टीच्या आधाराने बांधावा. आपल्या गल्ल्यांत स्ट्रेचर वळत नाही, हे आम्हाला माहीत आहे. अशा वेळी खुर्चीत बसवून किंवा काखेत धरून नेण्यापेक्षा फळीवर झोपवून चौघांनी उचलावे. १०८ ला फोन करावा. शस्त्रक्रिया लवकर होण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय खायला देऊ नये. रोजच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्याच डॉक्टरांना सांगावे.

एक्स-रे काढताना खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडी दिसेल असा, दोन बाजूंनी काढायला सांगावे. नुसत्या गुडघ्याचा किंवा नुसत्या खुब्याचा फोटो काढला तर मोड कुठवर गेली आणि वर-खाली दुसरा धातू आहे का, हे कळत नाही.

सांधा पक्का आहे की ढिला?

या आजारात सारा उपचार एका प्रश्नावर ठरतो. हाड मोडले आहे, पण त्यात बसवलेला सांधा अजून पक्का आहे की ढिला झाला आहे? डॉक्टर खुब्याच्या दांड्याभोवतीच्या मोडीचे प्रकार ज्या पद्धतीने सांगतात ती कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या नावाने ओळखली जाते. १९९५ पासून ती जगभर वापरात आहे. केसपेपरवर 'बी-वन', 'बी-टू' असे लिहिलेले दिसले तर घाबरून जाऊ नये. त्याचा अर्थ सोपा आहे.

'ए' म्हणजे दांड्याच्या वर, खुब्याच्या उंचवट्यांजवळची मोड. हाड फार सरकले नसेल तर यातल्या अनेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. 'बी' म्हणजे दांड्याच्या भोवती किंवा त्याच्या टोकाशी. त्यात 'बी-वन'मध्ये दांडा पक्का असतो, 'बी-टू'मध्ये ढिला असतो, 'बी-थ्री'मध्ये ढिला असतो आणि भोवतालचे हाडही झिजलेले असते. 'सी' म्हणजे दांड्याच्या बरेच खाली.

दांडा पक्का असेल तर तो तसाच ठेवून हाड जोडतात. बाहेरून लांब प्लेट लावतात. जिथे आत दांडा असल्यामुळे स्क्रू आरपार जात नाही, तिथे धातूच्या तारेने प्लेट हाडाला आवळतात. दांडा ढिला असेल तर मात्र नुसती प्लेट लावून भागत नाही. ढिल्या खांबाला बाहेरून पट्टी मारल्यासारखे ते होते, पुन्हा सुटते. जुना दांडा काढून मोडीच्या पलीकडे चांगल्या हाडात रुतेल असा लांब दांडा बसवावा लागतो. हे काम मोठे आहे, रक्त जास्त लागते आणि त्यासाठी सरावाचा शल्यविशारद लागतो.

बदललेल्या गुडघ्याच्या वर मोड असेल आणि टोपी पक्की असेल, तर बाजूने प्लेट लावतात किंवा गुडघ्यातून वर रॉड घालतात. रॉड घालता येईल की नाही, हे गुडघ्यात कोणत्या बनावटीची टोपी आहे त्यावर ठरते, कारण काही टोप्यांमध्ये मधोमध वाट असते, काहींमध्ये नसते. "कंपनीचा कागद आणा" असे डॉक्टर म्हणतात ते उगाच नाही. टोपी ढिली झाली असेल किंवा खालच्या हाडाचा अगदी चुरा झाला असेल तर तो भाग काढून धातूचा मोठा सांधा बसवतात. तो महाग असतो, पण बऱ्याचदा त्यावर लगेच भार देता येतो.

शस्त्रक्रियेआधी सांध्यात जंतू शिरले आहेत का, तेही तपासावे लागते. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या करतात आणि गरज वाटल्यास सांध्यातले पाणी काढून पाहतात. "हाड मोडलंय, मग जंतू कशाला शोधताय?" असे म्हणून वाद घालू नये. जंतू असलेल्या जागी नवा धातू बसवला तर सगळे वाया जाते.

"घरी ठेवा" म्हणजे काय?

पूर्वी अशा मोडीवर पायाला वजन लावून सहा-आठ आठवडे झोपवून ठेवत. आजही हा सल्ला मिळतो आणि आपल्याला तो स्वस्त वाटतो. पण वृद्ध माणूस इतके दिवस पाठीवर पडून राहिला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, लघवीला जंतू होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. मन खचते, जेवण तुटते. मग लोक म्हणतात, "पडली आणि गेली." पडल्यामुळे नव्हे, अनेकदा पडून राहिल्यामुळे माणूस जातो.

म्हणून आजचा विचार असा आहे की तब्येत शस्त्रक्रियेला तयार असेल तर ती शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी आणि माणूस लवकर बसता-उठता व्हावा. रक्त, लांब दांडा किंवा सरावाचे डॉक्टर मिळवण्यासाठी कधी आणखी दोन-चार दिवस लागतात. तो थांबा समजण्यासारखा आहे. शिक्क्यासाठी, सहीसाठी किंवा पैशासाठी झालेला थांबा समजण्यासारखा नाही.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला झेपतेच असे आम्ही म्हणत नाही. ज्यांचे हृदय किंवा फुप्फुस अगदी कमकुवत आहे, जे आधीपासून अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्यासाठी वेदना कमी ठेवणे हाच योग्य उपचार असू शकतो. पण तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, जन्मतारीख पाहून होऊ नये. आणि तो रुग्णाला विचारून व्हावा. "आईला आता त्रास नको" असे मुलगे बाहेरच्या ओसरीत ठरवतात आणि आतल्या खाटेवर शुद्धीवर असलेल्या आईला कोणी विचारत नाही, हे आम्ही पाहिले आहे. तिला विचारा. ती बहुतेक वेळा म्हणेल, मला स्वतःच्या पायाने संडासला जायचंय.

डॉक्टरांना तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात. सांधा पक्का आहे की ढिला? शस्त्रक्रियेनंतर पायावर भार कधी देता येईल? इथे होत नसेल तर नेमके कुठे होते, आणि तिथल्या डॉक्टरांना तुम्ही चिठ्ठी व फोन कराल का? लहान रुग्णालयाने "आमच्याकडे होत नाही" म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. पण चिठ्ठी न देता गेटाबाहेर पाठवणे प्रामाणिकपणाचे नाही.

पैसा आणि योजना

आपल्याकडे आधी दागिने गहाण पडतात आणि नंतर योजनेची आठवण होते. हा क्रम उलटा करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा आणि "ही शस्त्रक्रिया आणि हा धातू योजनेत बसतो का?" असे नेमके विचारा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. योजनेचा मोफत क्रमांक १५५३८८ आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो घरात आधीच काढून ठेवलेला बरा, पाय मोडल्यावर तहसीलच्या रांगेत उभे राहायला कोणाला वेळ असतो?

कागद रेशनकार्डासारखा जपा

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये आणि वर कर, अशी ठरली. चांगलेच झाले. आपल्या वस्त्यांतही आता गुडघे बदललेल्या बायका दिसतात, काहींचे शिबिरातून झालेले. पण सांधा पंधरा-वीस वर्षे शरीरात राहणार, आणि त्याचा कागद मात्र दोन पावसाळेही टिकत नाही.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे आवश्यक आहे, आणि रुग्णाने मागितल्यावर ते ७२ तासांत द्यायला हवे. म्हणजे चौथ्या वर्षी तुम्ही पडलात तर रुग्णालय "आमच्याकडे नाही" म्हणू शकते. तेव्हा जपायचे काम आपलेच. सांधा बदलला की डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेची नोंद मागा आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर त्यावर चिकटवून घ्या. त्यावर कंपनी, प्रकार आणि माप असते. सिमेंट वापरले की नाही, तेही लिहून घ्या. या सगळ्याचे फोटो घरातल्या दोन वेगवेगळ्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर नव्हे. ज्यांचे सांधे आधीच बदललेले आहेत त्यांनी याच महिन्यात फाइल शोधून काढावी.

आमची मागणी

ब्रिटनमध्ये खुब्याजवळ हाड मोडलेल्या वृद्धांची राष्ट्रीय नोंद २००७ पासून ठेवली जाते. किती तासांत शस्त्रक्रिया झाली, माणूस दुसऱ्या दिवशी उठला का, हे रुग्णालयाला द्यावे लागते. आता बदललेल्या सांध्याभोवतीच्या मांडीच्या मोडीही त्यात धरतात. नोंद होऊ लागली की उशीर लपत नाही. आपल्याकडे निदान सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत तरी अशी नोंद सुरू व्हावी. तिथे लांब दांडे, तारा आणि प्लेटा उपलब्ध असाव्यात. आणि जे कोणी शिबिर भरवून सांधे बसवतात, त्यांनी फोटो काढण्याबरोबर प्रत्येक रुग्णाच्या हाती सांध्याचे कार्ड द्यावे आणि पुढच्या तपासण्यांची जबाबदारी घ्यावी.

घरात आणि वस्तीत

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले असे नाही. हाड जुळायला तीन ते सहा महिने लागतात. भार किती आणि कधी द्यायचा, ते डॉक्टर सांगतील तसेच करावे. फिजिओथेरपीचा व्यायाम रोज करावा. डाळ, अंडी, मासे, दूध, नाचणी, जे परवडेल ते आधी त्यांच्या ताटात वाढावे. हाड एकदा मोडले म्हणजे ते ठिसूळ आहे, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाड मजबूत करणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना आपणच विचारावे. आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन, अशी ही औषधे असतात. ती मनाने सुरू करू नयेत आणि मनाने वर्षानुवर्षे चालूही ठेवू नयेत.

पुन्हा पडू नये म्हणून फार खर्च लागत नाही. मोरीच्या भिंतीला धरायला एक पाइप, खाली खरबरीत पायपुसणे, अंघोळीला प्लॅस्टिकचे स्टूल, रात्रभर एक लहान दिवा. माळ्याची शिडी वृद्धांसाठी बंद. सार्वजनिक संडास लांब असेल तर रात्री घरातच भांड्याची सोय करावी, त्यात लाज कसली?

एक काम मात्र वस्तीने मिळून करण्यासारखे आहे. अनेक घरांत वापरून झालेले वॉकर, काठ्या, बेडपॅन, कमोडच्या खुर्च्या धूळ खात पडलेल्या असतात. त्या विहारात एका कोपऱ्यात जमा करा आणि एका वहीत नोंद ठेवून ज्याला लागेल त्याला द्या. त्याच वहीत सांधे बदललेल्यांची नावे आणि त्यांच्या घरच्यांचे फोन त्यांच्या परवानगीने लिहून ठेवा. मावशींच्या वेळी अशी वही असती तर आमचे निदान पाच दिवस वाचले असते. आमच्या वस्तीत ती आता सुरू झाली आहे. पहिला वॉकर मावशींनीच आणून दिला.